एकाच वॉर्डात तीन तऱ्हा: नाशिकच्या नर्सिंग शिक्षकांनी एकमेकांच्या साथीने काम कसं करावं

सकाळचे सव्वाआठ. शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयाचा बायकांचा मेडिकल वॉर्ड. सात नंबरच्या खाटेवर साठीच्या पुढच्या एक आजी आणि त्यांना स्नायूत द्यायचं एक इंजेक्शन. खाटेभोवती तीन कॉलेजांच्या तीन मुली. एकीने नितंबाचा वरचा बाहेरचा भाग निवडला. दुसरी हळू आवाजात म्हणाली, "तिथे नाही, आम्हाला व्हेंट्रोग्लुटियलच शिकवलंय," म्हणजे कमरेच्या बाजूची, खुब्याजवळची जागा. तिसरीला वेगळाच प्रश्न पडला होता, सुई आत गेल्यावर रक्त येतं का ते बघायला पिस्टन मागे ओढायचा की नाही. आजी पातळाची गाठ मुठीत धरून तिघींकडे आळीपाळीने बघत होत्या.

परिसेविकांनी ट्रे हातात घेतला, इंजेक्शन स्वतः दिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही सगळ्या टीचर एकदा बसा आणि काय ते ठरवा. आम्ही कुणाचं धरायचं?"

त्यांचं चुकलं नव्हतं, आणि मुलींचंही नाही. चुकलं होतं ते आम्हा शिकवणाऱ्यांचं. एकाच वॉर्डात वर्षानुवर्षं समोरासमोर उभं राहूनही आम्ही एकमेकींशी "गुड मॉर्निंग मॅडम" याच्या पुढे बोललो नव्हतो. त्या दिवसानंतर आम्ही तिघी बसलो आणि आजही बसतो. या काळात काय जमलं, काय फसलं आणि तुम्ही सुरू करायचं ठरवलंत तर कोणत्या क्रमाने करावं, ते इथे सांगते.

नाशिकला हे जमायला खरं तर सगळ्यात सोपं. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून इथेच आहे, आता म्हसरूळला. राज्यभरातल्या बी.एस्सी. आणि एम.एस्सी. नर्सिंगच्या परीक्षांचा कारभार इथून चालतो. पंचवटीपासून नाशिकरोडपर्यंत आणि आडगावपासून त्र्यंबक रोडपर्यंत नर्सिंगच्या संस्था विखुरलेल्या आहेत. माणसं जवळ आहेत, फक्त त्यांची गाठ पडत नाही.

आधी तीन माणसं शोधा

तीसजणांचा ग्रुप काढून सुरुवात करू नका. त्यात पहिल्या आठवड्यात शुभेच्छा येतात, दुसऱ्या आठवड्यात फुलांचे फोटो, आणि तिसऱ्या आठवड्यापासून कुणी उघडत नाही. तीन वेगवेगळ्या संस्थांमधली तीनच माणसं घ्या. तिघांचा विषय एक असेल तर फारच छान. आम्ही तिघी मेडिकल-सर्जिकलच्या होतो.

ही माणसं सापडतात प्रात्यक्षिक परीक्षेत. बाहेरून येणारे परीक्षक म्हणजे दुसऱ्या कॉलेजातल्या मॅडम किंवा सर. दिवसभर आपण एका टेबलाशी बसून व्हायवा घेतो, दुपारी डबा वाटून खातो आणि संध्याकाळी मानधनाच्या कागदावर सही करून वेगळे होतो. त्या जेवणाच्या अर्ध्या तासात एवढंच विचारा: "तुमच्याकडे पहिल्या वर्षाला अमुक प्रोसिजर कशी घेता?" ज्या व्यक्तीचे डोळे या प्रश्नावर चमकतात, ती तुमची. दुसरी जागा अर्थातच वॉर्ड. तिसरी, निरंतर शिक्षणाच्या कार्यशाळा. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया ही १९०८ पासूनची संघटना. तिचे सभासद असाल तर तिथल्या कार्यक्रमांतही ओळखी होतात.

आपापल्या प्राचार्यांना मात्र पहिल्याच दिवशी सांगा. लपवून सुरू केलेलं काम तिसऱ्या महिन्यात कुणाच्या तरी कानावर जातं आणि मग नको ते अर्थ निघतात. प्राचार्यांना बहुतेक तीन गोष्टींची धास्ती असते: प्रश्नपत्रिका बाहेर जातील, संस्थेतल्या उणिवांची चर्चा होईल, आणि आपली माणसं दुसरीकडे ओढली जातील. म्हणून आम्ही अर्ध्या पानाचं पत्र दिलं. बैठकीत येऊ घातलेल्या परीक्षेचा एकही प्रश्न निघणार नाही, पगार, ॲडमिशन आणि इन्स्पेक्शन यांवर बोलणं होणार नाही, आणि तयार होणारा प्रत्येक कागद तिन्ही संस्थांना मिळेल. पगाराचा प्रश्न लहान आहे असं मी म्हणत नाही. खासगी संस्थांमधल्या कित्येक ट्यूटरांचं जगणं त्यावर अडतं. पण तो संघटनेच्या व्यासपीठावर मांडायचा आहे. इथे तो आला की दुसरं काहीच होत नाही, हे आम्ही दोन बैठका वाया घालवून शिकलो.

दिवस ठरलेला हवा. आमचा महिन्यातला तिसरा शनिवार, दुपारी साडेतीन ते पाच. जागा आळीपाळीने एकेका कॉलेजची स्किल लॅब, कारण मॅनिकिन, म्हणजे सरावाचा पुतळा, तिथे असतो. आडगाव आणि नाशिकरोड अशा दोन टोकांची माणसं असतील तर संध्याकाळी द्वारका चौकात हमखास अडकायला होतं, म्हणून पाचला उठायचं म्हणजे उठायचं. घरी मुलं वाट बघत असतात. वेळ पाळली तरच पुढच्या महिन्यात माणूस परत येतं.

पहिली बैठक: एकच प्रोसिजर, बोलण्याआधी हातांनी

सगळ्यात जास्त मन घालून करायची पायरी ही, म्हणून इथे जरा थांबते.

आमच्या पहिल्या बैठकीचा विषय अर्थातच ते इंजेक्शन होतं. नियम एकच होता. चर्चा नंतर, आधी प्रत्येकीने मॅनिकिनवर आपण शिकवतो तशी प्रोसिजर मुकाट्याने करून दाखवायची. बाकी दोघींनी बघायचं आणि एकेक कृती कागदावर उतरवायची. तिघींची झाली की तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवायचे.

कागद बघून आम्ही गप्प झालो. तिघींनाही वाटत होतं की फरक दोन-तीनच असतील. निघाले एकोणीस. एक मॅडम औषध भरायच्या आधी हात धुत होत्या, मी औषध भरून रुग्णाजवळ गेल्यावर. एकीने सुईला टोपण परत लावलं. सतरा वर्षांची सवय, हात आपोआप गेला. ते बघून त्यांचाच चेहरा उतरला. मीच पटकन म्हणाले, "मॅडम, मीसुद्धा घाईत लावते." खरंच लावत होते. त्या क्षणानंतर त्या खोलीत एकमेकींची भीती राहिली नाही.

मग ते एकोणीस फरक तीन गठ्ठ्यांत वाटले. तुम्हीही असंच वाटा.

पहिला गठ्ठा सवयीचा. ट्रे डावीकडे की उजवीकडे, रुग्णाला आधी नाव विचारायचं की आधी नमस्कार करायचा. हे फरक राहू द्या. प्रत्येक शिक्षकाचा हात वेगळा असतो, तो पुसायला जाऊ नका.

दुसरा गठ्ठा साधनांचा. पुस्तकात आहे पण वॉर्डात मिळत नाही, म्हणून कुणी एक पळवाट शिकवतं, कुणी दुसरी. असे फरक वेगळ्या कागदावर लिहून ठेवा. ते अधिसेविकांशी बोलताना लागतात.

तिसरा गठ्ठा रुग्णाच्या सुरक्षिततेचा. इथे मात्र "आमच्याकडे असंच करतात" चालत नाही. आधार बघायचा, पुस्तकाची आवृत्ती आणि साल बघायचं, जागतिक आरोग्य संघटनेची सध्याची सूचना काय आहे ते वाचायचं. हात धुण्याबाबत वाद राहिला नाही. साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद, हातांना चोळायच्या अल्कोहोलच्या द्रवाने (हँडरब) २० ते ३० सेकंद, आणि स्पर्शाचे पाच क्षण ठरलेले आहेत. रुग्णाला हात लावण्यापूर्वीचा क्षण त्यांतला पहिला. लस देताना पिस्टन मागे ओढून बघू नये, ही सूचनाही स्पष्ट आहे. जागेबाबत आम्ही व्हेंट्रोग्लुटियल पहिली धरली, कारण नितंबाच्या जागेजवळून सायटिक नर्व्ह आणि मोठी रक्तवाहिनी जाते. वॉर्डच्या पद्धतीप्रमाणे नितंबातच द्यायची वेळ आली, तर तिथे पिस्टन ओढून बघायचा आणि का ते विद्यार्थिनीला सांगता यायला हवं. या सगळ्यातून आमची कृतींची एक सामायिक यादी झाली; रुग्णालयाचा लेखी प्रोटोकॉल असेल तर तो या यादीच्या वर.

जागा शोधण्याची भाषाही ठरवली, कारण मुली गोंधळतात त्या तिथेच. रुग्णाच्या डाव्या बाजूला द्यायचं असेल तर आपला उजवा तळहात ग्रेटर ट्रोकॅन्टरवर (मांडीच्या हाडाचा खुब्यापाशी लागणारा उंचवटा), तर्जनी पुढच्या अँटीरियर सुपीरियर इलियाक स्पाइनकडे (कमरेच्या हाडाचं पुढचं टोक), आणि मधलं बोट इलियाक क्रेस्टच्या (कमरेच्या हाडाची वरची कड) कडेने मागे ताणायचं. दोन बोटांच्या मधला त्रिकोण ही जागा. तिघींनी आपापल्या कॉलेजात शब्दाला शब्द हेच सांगायचं ठरलं. पुढच्या महिन्यात त्याच वॉर्डात दोन कॉलेजांच्या मुली एकमेकींना "तळहात आधी" असं सांगताना मी ऐकल्या, आणि डोळ्यांत पाणी आलं.

सुया पांढऱ्या, टोचून फाटणार नाही अशा डब्यात, सिरिंज लाल पिशवीत, टोपण परत लावायचं नाही. कोणत्या डब्यात आणि कोणत्या पिशवीत काय, हे जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत आहे. हे आमच्या यादीत शेवटी नाही, कृतीच्या ओघात येतं, कारण शेवटी लिहिलेलं मुली शेवटी विसरतात.

दुसऱ्या बैठकीत आम्ही नाकातून जठरात घालायची नळी घेतली. तिथे दुसरा आणि तिसरा गठ्ठा एकमेकांत अडकले. हवा सोडून स्टेथोस्कोपने "बुडबुड" ऐकायची पद्धत आम्ही तिघीही शिकवत होतो आणि ती भरवशाची नाही. नळीतून ओढलेल्या द्रवाचा पीएच (आम्लता मोजायचा आकडा) ५.५ किंवा कमी आहे का ते बघणं, आणि शंका असेल तर एक्स-रे, हा खरा मार्ग. पण वॉर्डात पीएच पट्ट्याच नव्हत्या. एकेका कॉलेजने मागितल्या असत्या तर कुणी लक्ष दिलं नसतं. आम्ही तिघींनी एका पत्रावर सह्या केल्या, आणि दीड महिन्यात पट्ट्यांचा डबा आला.

एका बैठकीत एकच प्रोसिजर, याहून जास्त घेऊ नका. वर्षाला दहा झाल्या तरी मोठं काम झालं.

एकमेकांचा तास बघणं

तीन-चार बैठकांनंतर, विश्वास बसल्यावर, हे सुरू करा. आधी केलंत तर दुखावलेली मनं पदरी पडतील.

तास बघायला येणाऱ्याने आधी विचारायचं, "मी काय बघू?" ज्याचा तास आहे त्याने एकच गोष्ट सांगायची. मी सांगितलं होतं, माझे प्रश्न बघा. सहकारी मॅडम मागच्या बाकावर वही घेऊन बसल्या. विषय होता हृदयविकाराच्या रुग्णाची शुश्रूषा. तासानंतर त्यांनी मत दिलंच नाही, फक्त वही पुढे केली. तेवीस प्रश्न मी विचारले होते. त्यांतल्या सतरांची उत्तरं मीच दिली होती, कारण मी थांबतच नव्हते. मुली खाली बघायच्या आणि दोन सेकंदांत मी पुढे जायचे.

मेरी बड रो या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९७० च्या दशकात हेच मोजलं होतं. शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एखादा सेकंदच थांबतात, आणि तो वेळ तीन सेकंदांवर नेला तर उत्तरं लांब येतात, जास्त मुलं बोलतात. मी आता मनात "एक गोदावरी, दोन गोदावरी, तीन गोदावरी" म्हणते. सुरगाण्याहून आलेली, वर्षभर तोंड न उघडलेली एक मुलगी त्या तिसऱ्या गोदावरीवर बोलली.

बघणाऱ्यासाठी पथ्यं थोडीच. जे दिसलं ते लिहायचं, जे वाटलं ते नाही. "मुली कंटाळल्या होत्या" हे वाटणं, "मागच्या रांगेतल्या चौघींनी वीस मिनिटं वहीत काही लिहिलं नाही" हे दिसणं. तासानंतर दहा मिनिटं तिथेच बोलायचं, घरी जाऊन फोनवर नाही. तो कागद ज्याचा तास त्याच्याकडेच राहतो. त्याची प्रत प्राचार्यांकडे जाणार नाही, वार्षिक मूल्यमापनात वापरली जाणार नाही. हे पथ्य मोडलं की हा प्रकार त्याच दिवशी संपतो.

नवीन ट्यूटरचे पहिले नव्वद दिवस

हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा. मी ट्यूटर म्हणून पहिल्यांदा लागले तेव्हा, एका संस्थेत, चौथ्याच दिवशी चाळीस मुली घेऊन मला एकटीला वॉर्डात पाठवलं होतं. इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असं आहे. त्या दिवशी एका मुलीने चुकीच्या रुग्णाची सलाईन बंद केली. वॉर्डच्या मावशींनी पाहिलं म्हणून निभावलं. घरी जाऊन मी राजीनामा लिहिला होता. फाडला, पण तो दिवस विसरले नाही. नव्या मुलीला असं एकटं सोडायचं नाही, हे मी तेव्हाच ठरवलं.

पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये परिचारिकेच्या प्रवासाचे पाच टप्पे मांडले, नवशिक्यापासून तज्ज्ञापर्यंत. आपल्या लक्षात येत नाही ते हे की दहा वर्षं आयसीयूत तज्ज्ञ असलेली सिस्टर शिक्षिका झाली की पुन्हा पहिल्या टप्प्यावर येते. हात तज्ज्ञाचा, फळ्यापुढे मात्र नवशिकी. तिला हे कुणीतरी सांगायला हवं, नाहीतर ती स्वतःलाच नालायक समजते.

नव्या ट्यूटरला एक अनुभवी सोबती द्या, शक्यतो दुसऱ्या संस्थेतला. आपल्याच विभागप्रमुखांपुढे "मला लेसन प्लॅन जमत नाही" म्हणायला जीभ रेटत नाही. पहिल्या आठवड्यात नवीन ट्यूटरने फक्त बरोबर फिरायचं. दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात ती शिकवते, सोबती आठवड्यातून एकदा फोनवर अर्धा तास देतो. विषय तिने निवडायचा.

दुसऱ्या महिन्यात एक गोष्ट नक्की करा. एकाच विद्यार्थिनीचा केअर प्लॅन (रुग्णाच्या शुश्रूषेचा लेखी आराखडा) दोघांनी स्वतंत्रपणे तपासायचा आणि मग गुण ताडून बघायचे. आमच्याकडे पंचविसांपैकी एकीने चौदा दिले होते, दुसरीने एकवीस. एक अक्षर, मांडणी आणि रकाने बघत होती, दुसरी नर्सिंग डायग्नोसिस (परिचारिकेने ओळखलेली रुग्णाची अडचण) आणि कृती यांचा मेळ. त्या एका संध्याकाळीत मूल्यमापनाबद्दल जे कळलं ते बी.एड.च्या पुस्तकातून कळलं नसतं. तिसऱ्या महिन्यात तिला एक पूर्ण घटक द्या: आराखडा, तास, चाचणी, तपासणी, सगळं तिचं.

वॉर्डशी जुळवून घेताना

क्लिनिकल रोटेशनचं, म्हणजे मुलींच्या वॉर्डातल्या पाळ्यांचं, वेळापत्रक प्रत्येक कॉलेज आपापलं करतं आणि सोमवारी सकाळी एका वॉर्डात साठ मुली उभ्या राहतात. सत्राच्या सुरुवातीला तिघांचं वेळापत्रक एका कागदावर मांडा आणि अधिसेविकांकडे एकत्र जा. परिसेविकांना आधी विचारा, कळवू नका. वॉर्ड त्यांचा आहे.

आमच्यातला एक नियम मी सगळ्यांना सांगते: एका रुग्णाची एका दिवशी एकच हिस्टरी. एका सकाळी तिसऱ्यांदा "तुम्हाला मुलं किती, पाळी कधी गेली" ऐकणाऱ्या बाईला विचारा, तिला काय वाटतं. कोणत्या कॉलेजला कोणता रुग्ण, हे सकाळी आठ वाजता दोन मिनिटांत ठरतं. रुग्णाने नको म्हटलं की विषय संपला.

आणि वापरलेली सुई चुकून हाताला टोचण्याचा प्रसंग. तो कोणत्याही कॉलेजच्या मुलीवर येऊ शकतो. सगळ्या शिक्षकांना एकच क्रम पाठ हवा. जागा साबण-पाण्याने धुवायची, दाबायची नाही, बोट तोंडात घालायचं नाही, लगेच कळवायचं. एचआयव्ही प्रतिबंधक औषध लागणार असेल तर शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवं. तिचे स्वतःचे शिक्षक तिथे नसतील तर जे असतील त्यांनी तिला हाताला धरून न्यायचं. हे आमच्यात ठरलेलं आहे, आणि एकदा कामी आलं आहे.

ऑस्की एकट्याने घेऊ नका

२०२१ च्या सुधारित अभ्यासक्रमाने बी.एस्सी. नर्सिंग आठ सत्रांत आणि क्रेडिटमध्ये आणलं, ऑस्कीवरचा, म्हणजे एकेका स्टेशनवर ठरावीक वेळात कौशल्य तपासणाऱ्या प्रात्यक्षिक परीक्षेवरचा, भर वाढवला. ही पद्धत रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये डंडी इथे मांडली. कल्पना सुंदर आहे, पण माणसं खाते. हिशेब करा: दहा स्टेशनं, प्रत्येकी पाच मिनिटं आणि जागा बदलायला एक मिनिट, म्हणजे दहा मुलींच्या एका तुकडीला एक तास. साठ मुलींना सहा तास, तेही परीक्षक न थांबता. शेजारच्या कॉलेजातून माणसं आणि मॅनिकिन आले आणि दोन फेऱ्या शेजारी शेजारी लावल्या, तर काम तीन तासांत उरकतं. पुढच्या महिन्यात तुम्ही त्यांच्याकडे जायचं. हा उसनवारीचा व्यवहार वहीत लिहून ठेवा, कुणाचं देणं राहिलं हे डोक्यात ठेवलं की कटुता येते. स्टेशनच्या तपासणी-याद्या एकत्र करा, प्रत्यक्ष परीक्षेचे प्रसंग मात्र प्रत्येक कॉलेजने स्वतः लिहायचे.

रुग्णाचे शब्द गोळा करा

हे काम कुठल्याही अभ्यासक्रमात नाही आणि मला सगळ्यात मोलाचं वाटतं. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी इथून येणारे रुग्ण काय बोलतात, ते इंग्रजीतून शिकलेल्या मुलीला कळतंच असं नाही. "अंगावरून जातंय" म्हणणाऱ्या बाईला नेमकं काय होतंय? रक्त की पांढरं? "अंग बाहेर येतं" म्हणजे गर्भाशय खाली उतरलंय. "उन्हाळी लागली" म्हणजे लघवीला जळजळ. "ढाळ", "मुरडा", "उमासे", "धाप", "जीव घाबरा होतो", "हातपाय गळाले". यांतला प्रत्येक शब्द म्हणजे एक लक्षण, आणि तो चुकला तर नोंद चुकते.

आम्ही प्रत्येक कॉलेजात एक वही ठेवली. वॉर्डात नवा शब्द ऐकला की मुलीने तो लिहायचा, कुणी वापरला, कशासाठी, आणि वैद्यकीय नोंदीत काय लिहायचं. यात पुढे झाल्या त्या आदिवासी पाड्यांवरून आलेल्या मुली. एरवी इंग्रजीमुळे मागे राहणाऱ्या या मुली आता बाकीच्यांना शब्द समजावून सांगतात. त्या वेळी त्यांची ताठ मान बघायला मी एखादी सुट्टीही सोडून येईन. सहा महिन्यांनी वह्या एकत्र करतो आणि एक यादी तिन्हीकडे जाते.

याच पद्धतीने येत्या सिंहस्थाची तयारीही एकत्र करता येईल. २००३ च्या कुंभात इथेच चेंगराचेंगरीत माणसं गेली. २०१५ चा सिंहस्थ झाला, आणि आता २०२६-२७ चा समोर आहे. गर्दीतला ट्रायाज (आधी कुणाला बघायचं ते ठरवणं), उष्माघात, बेशुद्ध माणसाची पहिली दोन मिनिटं, हरवलेल्या वृद्धांशी बोलणं. यांचे तास सगळ्या कॉलेजांनी एकाच आराखड्यावर घेतले, तर मदतीला उभ्या राहणाऱ्या मुलींची भाषा एक असेल.

संशोधनाचं थोडक्यात. तीन कॉलेजं एकत्र आली की नमुना मोठा होतो आणि एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांनाही आधार मिळतो. नैतिक समितीची मान्यता आधी, आणि लेखकांच्या नावांचा क्रम काम सुरू व्हायच्या आधी लेखी. नंतर ठरवायला गेल्यावर मैत्री मोडलेली मी पाहिली आहे.

मनावरचं

विद्यार्थिनीने पाहिलेला पहिला मृत्यू आपण सांभाळतो. आपल्याला कोण सांभाळतं? लहान मूल दगावलं की ट्यूटर मुलींना धीर देते, नातेवाइकांचा राग झेलते आणि दुपारी दोनला तास घेते. बैठकीची पहिली दहा मिनिटं आम्ही यासाठी ठेवली आहेत. एकजण बोलते, बाकी ऐकतात. सल्ला द्यायचा नाही, "त्यात काय एवढं" म्हणायचं नाही, आणि इथलं बोलणं खोलीबाहेर न्यायचं नाही. बहुतेक वेळा एवढ्याने पुरतं. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगण्यात अर्थ वाटेनासा झाला असेल तर मैत्रिणींनी डॉक्टर व्हायला जाऊ नये. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. फोन लावून द्या आणि शेजारी बसा.

व्हॉट्सॲप ग्रुप लागतोच. त्यावर रुग्णाचा फोटो, केसपेपर, खाट क्रमांक, विद्यार्थिनीच्या चुकीचा किस्सा, काही टाकायचं नाही. चेहरा झाकलेला फोटोसुद्धा नाही. फक्त तारीख, जागा आणि कागद.

खंड पडल्यावर

पडणारच. परीक्षा, इन्स्पेक्शन, दिवाळी, घरचं आजारपण. आमची साखळी एकदा पाच महिने तुटली होती. परत सुरू करताना "आपण भेटलंच पाहिजे" असे मोठे निरोप पाठवले, कुणी आलं नाही. मग एकीने साधा निरोप टाकला आणि सगळ्या आल्या. तो मी जपून ठेवला आहे, तुम्हीही असाच पाठवा:

"मॅडम, येत्या शनिवारी साडेतीनला आमच्या स्किल लॅबमध्ये दीड तासासाठी या. कॅथेटर केअर सगळ्यांनी एकदा करून बघायची आहे. मॅनिकिन आहे, ग्लोव्हज मी आणते. मागच्या वेळची वही तुमच्याकडे आहे, ती तेवढी आठवणीने घेऊन या. पाचला सोडते."